अगावेच्या हातातलं मुंडकं: आर्मेनियातल्या एका अर्ध्या प्रयोगाचं प्रकरण

जेवणं उरकली होती, मेजं उचलून नेली होती. यजमान होता आर्मेनियाचा राजा आर्तावझ्द आणि पाहुणा आजच्या इराणकडच्या पार्थियाचा सम्राट ओरोडीस, जो थोड्या दिवसांपूर्वी याच आर्मेनियावर सैन्य घेऊन चालून आला होता. आता तह झाला होता. आर्तावझ्दची बहीण ओरोडीसच्या मुलाला, पाकोरसला दिली होती, आणि त्या सोयरिकीच्या मेजवान्या एकामागून एक चालू होत्या. साल इ.स.पू. ५३. ट्राल्लेस गावचा जेसन नावाचा नट ग्रीक नाटककार यूरिपिडीसच्या ‘बॅक्खाय’ नाटकातली अगावे या राजमातेची पदं गात होता.

तेवढ्यात सिल्लाकीस नावाचा पार्थियन सरदार आत आला. त्यानं सम्राटाला वाकून नमस्कार केला आणि हातातली वस्तू मैफलीच्या मधोमध टाकली. ते एक मुंडकं होतं. रोमचा सर्वांत धनाढ्य माणूस, सीझर आणि पॉम्पी यांच्या बरोबरीचा तिसरा भागीदार, सेनापती मार्कस क्रॅसस याचं. पार्थियन मंडळींनी टाळ्या पिटल्या, आरोळ्या ठोकल्या. सम्राटाच्या हुकमावरून सिल्लाकीसला पंगतीत जागा मिळाली.

जेसननं पुढे जे केलं, त्यासाठी हे प्रकरण दोन हजार वर्षं सांगितलं जातंय. हातातलं, नाटकातल्या पेन्थिअस राजाचं सोंगाचं सामान त्यानं कोरसमधल्या, म्हणजे साथीला गाणाऱ्या मेळ्यातल्या, एकाच्या हवाली केलं, क्रॅससचं खरं डोकं उचललं आणि अंगात आल्यासारखा तो गाऊ लागला. ‘डोंगरावरून आणलीय आम्ही महालासाठी नुकतीच खुडलेली वेल, धन्य ही शिकार!’ सगळा दरबार खूश. मग सवाल-जबाबाची ओळ आली. कोरसनं विचारलं, ‘कोणी मारलं?’ अगावेचं उत्तर ठरलेलं: ‘तो मान माझा.’ पण ते जेसनच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत पंगतीतला पोमाक्साथ्रीस नावाचा योद्धा उडी मारून उठला आणि त्यानं डोकं स्वतःच्या हातात घेतलं. क्रॅससला आपण मारलं, तेव्हा ही ओळ म्हणायचा हक्क नटाचा नाही, आपला, असं त्याचं म्हणणं. ओरोडीसला फार मजा वाटली. पोमाक्साथ्रीसला रिवाजाप्रमाणे इनाम मिळालं आणि जेसनला एक टॅलंट बिदागी. टॅलंट म्हणजे ६,००० द्राख्मा, अथेन्सच्या मापानं सुमारे २६ किलो चांदी. एका पदाला इतकी बिदागी आजही कुणी देत नसेल.

हे सगळं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं क्रॅससच्या चरित्राच्या अगदी शेवटी सांगितलंय. हा प्रसंग घडला कुठल्या गावी हे तो लिहीत नाही. अराक्सीज नदीकाठची राजधानी आर्ताक्साता असं साधारणपणे धरतात.

ग्रीक शोकांतिका परमुलखात गेली, परक्यांनी ती डोक्यावर घेतली, एवढं सांगून बहुतेक जण या गोष्टीपाशी थांबतात. मला यातली खोच वेगळ्या जागी दिसते. जेसनचं पद जिथे थांबलं, तिथून मूळ नाटकाच्या अजून दोनशेच्या वर ओळी शिल्लक आहेत. आणि नाटक जर कुठे असेल, तर ते त्या ओळींत आहे.

मूळ नाटकात काय होतं

यूरिपिडीसनं ‘बॅक्खाय’ लिहिलं ते आयुष्याच्या अगदी अखेरीला. अथेन्स सोडून तो मॅसिडोनियाच्या आर्केलाओस राजाकडे गेला होता आणि इ.स.पू. ४०६ मध्ये तिकडेच वारला. नाटक त्याच्या मागे, ४०५ मध्ये अथेन्सला उभं राहिलं आणि पहिलं आलं. हयातीत ज्याला जेमतेम चार वेळा पहिला क्रमांक मिळाला, त्याला पाचवा मेल्यावर मिळाला.

गोष्ट अशी. मद्याचा आणि उन्मादाचा देव डायोनायसस आशियातून थीब्ज शहरात येतो. ते त्याचं आजोळ. पण त्याच्या मावश्या त्याला देव मानत नाहीत. मावसभाऊ पेन्थिअस तिथला राजा आहे. तो देवालाच बेड्या ठोकतो. देव गावातल्या बायकांना वेड लावून किथेरॉन डोंगरावर पाठवतो. मग पेन्थिअसला बाईचे कपडे चढवून, त्यांचं गुपित बघायला म्हणून तिकडेच नेतो. तिथे पेन्थिअसची सख्खी आई अगावे, आपल्या बहिणींसह, त्याला सिंहाचा छावा समजून हातांनी फाडते. मग मुलाचं डोकं मिरवत ती महालाकडे येते. जेसन गात होता तो हा प्रवेश.

यापुढे म्हातारा कॅडमस, अगावेचा बाप, डोंगरावरून नातवाचे तुकडे गोळा करून येतो. लेक आनंदात आहे. बाबा, सगळ्यांना जेवायला बोलवा, म्हणते. कॅडमस तिला ओरडत नाही. तो तिला आधी आभाळाकडे बघायला लावतो. विचारतो, पूर्वीसारखंच दिसतं का, की काही वेगळं? ती म्हणते, आधीपेक्षा उजळ दिसतंय, नितळ. मग तो विचारतो, लग्न कुणाशी झालं तुझं? मुलगा कोण झाला? ती सांगते, पेन्थिअस. आणि आता हातात कुणाचं डोकं धरलंयस? ‘सिंहाचं. शिकारीला होत्या त्या म्हणत होत्या तसं.’ मग तो म्हणतो, नीट बघ. बघायला फार कष्ट नाहीत.

मला हा सगळ्या ग्रीक नाटकांतला सर्वांत सावकाश प्रवेश वाटतो. एकेक पायरी उतरवत माणसाला शुद्धीवर आणायचं, आणि शुद्धीवर येणं हीच शिक्षा. मराठीत आपण ‘शोकांतिका’ म्हणतो. ग्रीक शब्दात अंताचा संबंध नाही, पण आपल्या शब्दानं नेमकी जागा पकडलीय. शोक अंती आहे. आर्मेनियाच्या दरबारात तो अंतच झाला नाही.

गंमत म्हणजे, हा शेवट पुढे कागदावरूनही तुटला. ‘बॅक्खाय’च्या ज्या दोन जुन्या हस्तलिखितांवर सगळी भिस्त आहे, त्यांतलं एक अर्ध्यावरच थांबतं. शेवट फक्त दुसऱ्यात आहे, आणि त्यातही अगावे मुलाच्या अवयवांवर शोक करते तिथली पानं गहाळ आहेत. अभ्यासकांनी तो विलाप थोडाफार जुळवला तो एका बायझंटाइन ख्रिस्ती काव्यावरून. त्या कवीनं यूरिपिडीसच्या ओळी उचलून येशूच्या मृत्यूवर रडणाऱ्या मरियमच्या तोंडी घातल्या होत्या. म्हणजे आर्मेनियात विजयगीत गाजलं आणि विलाप उरला तो चर्चच्या आसऱ्यानं.

अराक्सीजच्या काठी यूरिपिडीस आला कसा

पायी आणि बैलगाडीनं, असं सरळ उत्तर आहे. अथेन्समध्ये सुरुवातीला नाटक म्हणजे एका उत्सवापुरतं, एका स्पर्धेपुरतं. इ.स.पू. ३८६ पासून तिथे जुनी नाटकं पुन्हा करायला अधिकृत जागा मिळाली आणि नटाचं महत्त्व वाढलं. जुन्या नाटकात कवी हजर नसतो. नट म्हणेल ती पूर्व. इ.स.पू. तिसऱ्या शतकात नट, गायक, वादक यांचे संघ झाले. ‘डायोनायससचे कारागीर’ हे त्यांचं नाव. ठिकठिकाणच्या सत्तांकडून त्यांनी सवलती पदरात पाडून घेतल्या होत्या: लष्करी चाकरीतून सूट, प्रवासात अभय. दोन राज्यांत लढाई पेटलेली असतानाही यांचा मुक्काम हलू शकायचा.

अलेक्झांडरनं एकबाताना इथे उत्सव केला, तेव्हा ग्रीसमधून तीन हजार कलावंत आले होते, असं प्लुटार्क सांगतो. अफगाणिस्तानात, ऑक्सस नदीकाठच्या आय खानुम इथे उत्खननात हजारो माणसं बसतील असं कच्च्या विटांचं नाट्यगृह सापडलं. बॅबिलोनला एक होतं. पार्थियन राजांचं जुनं ठाणं निसा, आजच्या तुर्कमेनिस्तानात. तिथे हस्तिदंती पानपात्रं मिळाली, त्यांच्या काठावर ग्रीक देव आणि डायोनायससचा गोतावळा कोरलाय. ओरोडीसच्या चांदीच्या नाण्यांवरचा मजकूरही ग्रीक, आणि त्यात स्वतःला लावलेलं एक बिरुद म्हणजे ‘फिलहेलेन’, ग्रीकांचा चाहता. बिरुद राजकारणाचं असेल, पण ओरोडीसला ग्रीक भाषा आणि वाङ्मय येत होतं, असं प्लुटार्क स्पष्ट लिहितो.

आर्तावझ्दची गोष्ट याहून पुढची. त्यानं स्वतः ग्रीकमध्ये शोकांतिका लिहिल्या, भाषणं लिहिली, इतिहास लिहिला. त्यांतलं काही प्लुटार्कच्या काळापर्यंत उपलब्ध होतं. घरातच ते वातावरण होतं. त्याचा बाप तिग्रानीस यानं तिग्रानोकर्ता ही नवी राजधानी वसवली आणि तिथल्या नाट्यगृहाच्या उद्‌घाटनासाठी चोहीकडून नट जमवले. इ.स.पू. ६९ मध्ये रोमन सेनापती लुकुल्लसनं शहर घेतलं, तेव्हा हे सगळे नट त्याला आयतेच सापडले. त्यानं त्यांना आपल्याच विजयोत्सवात नाचवलं. यजमान बदलला, प्रयोग झाला. पोटापाण्यासाठी फिरणाऱ्या कलावंताला हे नवीन नसतं.

पण काय फिरत होतं, हे बघायला हवं. प्लुटार्कचा शब्द ‘गात होता’ असा आहे. या काळात अख्खं नाटक करण्यापेक्षा त्यातली निवडक गाणी, ठरावीक प्रवेश, एक मुख्य नट आणि सोबत थोडा कोरस, असा सुटसुटीत बाज चांगला चालायचा. नाट्यपदांच्या मैफलीला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पद ऐकताना ते नाटकातल्या कुठल्या प्रसंगी, कुणी, काय गमावून म्हटलंय हे किती जणांच्या डोक्यात असतं? तान घेतली, वन्समोअर आला, पुढचं पद. जेसनकडे असं सुटं पद होतं, आणि सुट्या पदाला मागचंपुढचं नसतं.

असे सुटे तुकडे साथीसारखे पसरायचे. लुशियननं आब्देरा गावची हकीकत सांगितलीय: भर उन्हाळ्यात यूरिपिडीसचं ‘आन्द्रोमेडा’ बघून अख्खं गाव तापानं फणफणलं, आणि ताप उतरल्यावरही लोक रस्त्यातून त्यातली पदं बरळत फिरत होते, थंडी पडली तेव्हा कुठे उतार पडला. लुशियन थट्टेखोर, तेव्हा मीठमिरची धरूनच चालायचं. याच्या उलट फिलोस्ट्रॅटस स्पेनमधल्या एका गावाचं सांगतो. तिथे शोकांतिका कुणी पाहिलीच नव्हती. उंच टाचांचे बूट घातलेला, आ वासलेला मुखवटा चढवलेला नट आला तेव्हा मंडळी बिचकली. आणि तो खच्चून बोलायला लागल्याबरोबर भूत बघितल्यासारखी पळून गेली. आर्मेनियातले प्रेक्षक या दोन्हींत बसत नाहीत. ते जाणकार होते. तरी त्यांनी केलं ते केलं.

त्या संध्याकाळी कोण काय ऐकत होतं

यजमानापासून सुरुवात करू. आर्तावझ्द मुळात क्रॅससच्या बाजूचा. पार्थियावरच्या मोहिमेच्या सुरुवातीला तो सहा हजार घोडेस्वार घेऊन क्रॅससला भेटला, आणखी दहा हजार चिलखती स्वार आणि तीस हजार पायदळ द्यायचं कबूल केलं. वर सल्ला दिला, की आर्मेनियाच्या डोंगरातून जा, तिथे पार्थियन घोडदळाचं काही चालणार नाही. क्रॅससनं ऐकलं नाही. मेसोपोटेमियाच्या सपाटीवरून गेला. इकडे ओरोडीस स्वतः आर्मेनियात घुसला आणि क्रॅससचा समाचार घ्यायला सुरेना या तरुण सरदाराला ठेवलं. आर्तावझ्दनं निरोप धाडला, की मीच अडकलोय, मदत पाठवता येत नाही. क्रॅसस भडकला. हा विश्वासघात आहे, सवड झाली की या आर्मेनियनाला येऊन बघतो, म्हणाला. कार्‍ही इथे पार्थियन तिरंदाजांनी रोमन सैन्याची चाळण केली; वीस हजार मेले, दहा हजार कैद झाले, असा प्लुटार्कचा हिशेब. पुढे वाटाघाटीच्या झटापटीत क्रॅसस मारला गेला.

‘येऊन बघतो’ म्हणालेला तो माणूस असा आला. आर्तावझ्दला ओरोडीससमोर आपण आता रोमचे उरलो नाही हे दाखवायचं होतं. आणि त्या खोलीत ‘बॅक्खाय’च्या पुढच्या दोनशे ओळी ज्याला नक्की ठाऊक असणार, असा माणूस मला हाच दिसतो. शोकांतिका लिहिणारा राजा. कॅडमसचा प्रवेश ठाऊक असूनही तो टाळ्या वाजवत बसला, की त्याला त्या क्षणी घशाशी काही आलं, हे तुम्ही तुमचं ठरवा.

जेसनचं गाव ट्राल्लेस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं आयदिन. रोमच्या आशिया प्रांतातलं. रोमन करवसुलीखाली पिचलेला हा मुलूख. इ.स.पू. ८८ मध्ये पोंटसचा राजा मिथ्रिदातीस याच्या चिथावणीवरून तिथल्या शहरांनी रोमन रहिवाशांची कत्तल केली. तेव्हा ट्राल्लेसवाल्यांनी रक्त आपल्या हाताला लागू नये म्हणून थिओफिलस नावाचा एक मारेकरी बाहेरून भाड्यानं आणला. त्यानं देवळात मूर्तीला मिठी मारून बसलेल्यांचे हात तोडले. या आठवणींच्या गावातून जेसन आलेला. त्याच्या मनात रोमबद्दल काय होतं, यापेक्षा त्याच्या हाताची सफाई मला जास्त बोलकी वाटते. रंगमंचावरची अनपेक्षित प्रॉपर्टी पायाशी येऊन पडली आणि त्यानं लय न मोडता ती घेतली. तालमीत वाढलेल्या नटाचं हे काम आहे. बिदागी त्याचीच होती.

पोमाक्साथ्रीसला पुढचं नाटक माहीत असायची गरज नव्हती. प्रश्न ऐकू आला, उत्तर आपलं आहे एवढं कळलं. तिकडे मूळ ओळीत कोरस विचारतो ते स्त्रीलिंगी आहे: कुणा बाईनं मारलं? अगावे म्हणते, पहिला मान माझा. मग बहिणींची नावं येतात. आपण पहिला घाव घातला याचा तिला अभिमान आहे, आणि तोच पुढे तिच्या गळ्यातला दगड होणार आहे. पोमाक्साथ्रीस नेमका त्या ओळीवर हक्क सांगत पुढे आला. मजा अशी, की दोन प्रकरणं आधी प्लुटार्क स्वतःच लिहितो, क्रॅससला यानंच मारलं याची खात्री नाही. काहींच्या मते मारणारा दुसराच, यानं पडलेल्या प्रेताचं डोकं आणि हात कापला. म्हणजे तोही मान थोडा उसनाच.

आणि बाकीचा दरबार? ‘बॅक्खाय’मधला कोरस हा थीब्जच्या बायकांचा नाही, तो डायोनायससबरोबर आशियातून आलेल्या भक्तिणींचा आहे. पेन्थिअस मेल्याची बातमी ऐकून त्या उघडउघड आनंदानं नाचतात. निरोप्या चकित होतो, की आमच्या धन्याच्या मरणावर तुम्ही खूश होता? अथेन्सच्या प्रेक्षकाला हा कोरस परका होता, थोडा भीतिदायकही. नाटकाच्या सुरुवातीला देव आपला मार्ग सांगतो: लिडिया, फ्रिजिया, पर्शियाची उन्हाची पठारं, बॅक्ट्रियाचे तट, मीडियाचा रुक्ष मुलूख. अथेन्समध्ये ती दूरची नावं होती. इथे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांचे ते आपले मुलूख. त्यांनी नाटकात शिरायचं ठरवलं, तर जागा तयारच होती: कोरसमध्ये.

मात्र यूरिपिडीसच्या कोरसलाही एका जागी कचरल्यासारखं होतं. अगावे म्हणते, चला, मेजवानीत सामील व्हा. कोरस म्हणतो, ‘सामील? कशात, अभागी बाई?’ पोमाक्साथ्रीसनं डोकं हिसकावलं ती जागा आणि ही ओळ यांच्यात अगदी थोडं अंतर आहे. मेजं तर नुकतीच उचलली होती.

मुंडक्याबद्दलही थोडं. ग्रीक रंगभूमीवर अगावेच्या हातात पेन्थिअसचा मुखवटा असणार. तीन नटांत सगळ्या भूमिका करायच्या, त्यामुळे पेन्थिअस आणि अगावे बहुधा एकच नट करत असे. म्हणजे नट मघाशी आपणच घातलेलं तोंड आता हातात धरून उभा. सोंग आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तो कॅडमसबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकतो. खरं मुंडकं आलं की ती वाट बंद. खऱ्या वस्तूनं नेहमीच असं होतं असं मात्र नाही. पोलस नावाच्या नामांकित नटाची गोष्ट आहे: सोफोक्लीसच्या नाटकात एलेक्ट्रा भावाच्या अस्थींचा कलश घेऊन रडते, त्या प्रवेशासाठी त्यानं स्वतःच्या मेलेल्या मुलाच्या अस्थींचा कलश आणला. तिथे खऱ्या वस्तूनं शोक खरा झाला. पण कलश त्याच्या घरचा होता. आर्मेनियातलं डोकं परघरचं.

सेल्युसियात तेच जमलं नाही

याच विजयाचा दुसरा एक तमाशा थोडा आधी टायग्रिसकाठी सेल्युसियात झाला होता. शहर पार्थियन अमलाखालचं, पण वस्ती आणि रिवाज ग्रीक. सुरेनानं तिथे रोमन विजययात्रेचं विडंबन काढलं. क्रॅसससारखा दिसणारा एक कैदी शोधला, त्याला बाईचा वेष चढवला, घोड्यावर बसवलं आणि ‘सेनापती’ म्हणून हाका मारल्या की ओ द्यायला लावली. मग नगरसभेपुढे एका रोमन अधिकाऱ्याच्या सामानात सापडलेली चावट गोष्टींची पुस्तकं ठेवली: बघा, युद्धातही यांना हे लागतं.

सेल्युसियाच्या लोकांनी मान डोलावली असेल, पण मनात त्यांना इसापाची थैल्यांची गोष्ट आठवली: माणूस दुसऱ्याचे दोष पुढच्या थैलीत ठेवतो, स्वतःचे पाठीवरच्या. कारण सुरेनाच्या लष्करामागे त्याच्या रखेल्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. इथेही बाईचा वेष घातलेला पराभूत माणूस होता, इथेही मिरवणूक होती. पण समोरच्यांच्या डोक्यात गोष्टीचा दुसरा भाग शिल्लक होता, म्हणून हसू उलट्या दिशेला गेलं.

प्लुटार्कवर किती विसंबायचं

प्लुटार्क हे लिहितो ते घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. शेवटाला त्यानं ‘म्हणतात’ असा शब्दही घातलाय: असा शेवटचा अंक होऊन क्रॅससची मोहीम शोकांतिकेसारखी संपली, म्हणतात. रोमचा इतिहास लिहिणाऱ्या कॅसियस डिओकडे वेगळीच कथा आहे, क्रॅससच्या तोंडात वितळलेलं सोनं ओतल्याची. दोन्ही गोष्टींना कथेकऱ्याचा हात लागलाय हे उघड आहे.

माझा संशय बळावतो तो आणखी एका कारणानं. प्लुटार्कची चरित्रं जोडीनं आहेत, एक ग्रीक, एक रोमन. क्रॅससची जोडी निकियसशी, ज्यानं अथेन्सचं सैन्य सिसिलीत बुडवलं. आणि निकियसच्या चरित्राच्या शेवटी काय येतं? यूरिपिडीसच! इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूजला कैद झालेले, खाणींत कोंडलेले, गुलाम म्हणून विकलेले अथेन्सचे सैनिक. त्यांतल्या काहींना यूरिपिडीसच्या ओळी पाठ होत्या म्हणून सुटका मिळाली, काहींना भटकताना त्याची पदं म्हणून अन्नपाणी मिळालं. सिसिलीच्या लोकांना या कवीचं इतकं वेड, की आल्यागेल्याकडून दोन-चार ओळी शिकून एकमेकांना देत. सुटलेले लोक घरी परतल्यावर यूरिपिडीसला भेटून आभार मानत. म्हणजे एका चरित्राच्या अखेरीला या कवीच्या ओळी पराभूतांचे प्राण वाचवतात आणि जोडीच्या चरित्रात पराभूताच्या डोक्यावर गायल्या जातात. इतकी जुळणी आपोआप होत नसते. मांडणी लेखकाची आहे.

तरी मी प्रसंग खोटा म्हणायला तयार नाही. दरबारात ग्रीक नट असणं, सोयरिकीच्या मेजवानीत गाणं होणं, विजयाची निशाणी म्हणून डोकं येणं, यातलं काहीच त्या मुलखाला वावगं नव्हतं. सुरेनानं डोकं आणि हात आर्मेनियात ओरोडीसकडे पाठवला हे प्लुटार्कही साधेपणानंच सांगतो. मेजवानी, गाणं आणि डोकं यांची गाठ त्याच घटकेला पडली का, एवढाच प्रश्न. समजा ती गाठ कथेकऱ्यानं मारली, तरी ‘बॅक्खाय’ निवडणारा, आणि अगावेच्या पदावर थांबणारा, तो ग्रीक वाचकांना चांगला ओळखत होता. त्यांना पुढच्या ओळी पाठ असणार. दरबारात कॅडमस आला नाही; तो वाचणाऱ्याच्या डोक्यात येतो.

राहिलेला भाग

प्लुटार्क स्वतः पुढच्याच वाक्यांत कॅडमसचं काम उरकतो. सुरेनाची कीर्ती सहन न होऊन ओरोडीसनं त्याला मारलं. ज्याच्या लग्नाच्या त्या मेजवान्या होत्या तो पाकोरस इ.स.पू. ३८ मध्ये रोमनांशी लढताना पडला. ओरोडीस आजारी झाला. दुसरा मुलगा फ्रातीसनं त्याला बचनाग दिला, त्या विषानं उलट आजारालाच उतार पडला, तेव्हा फ्रातीसनं सोपा मार्ग धरला आणि बापाचा गळा दाबला.

आर्तावझ्दचं प्लुटार्क इथे सांगत नाही. ते डिओकडून घ्यावं लागतं. इ.स.पू. ३४ मध्ये मार्क अँटनीनं त्याला बोलणी करायला बोलावून पकडलं आणि बायकामुलांसह अलेक्झांड्रियात मिरवत नेलं, सोन्याच्या बेड्या घालून. अँटनी तेव्हा स्वतःला ‘नवा डायोनायसस’ म्हणवून घेत असे. डोक्यावर आयव्हीची वेल, हातात देवाचा दंड अशा वेषात तो त्या शहरात रथातून फिरला होता. मिरवणुकीच्या शेवटी क्लिओपात्रा सोन्याच्या आसनावर बसली होती. कैद्यांना सांगितलं, धमकावलं, की हिच्यापुढे वाका. आर्मेनियाची मंडळी वाकली नाहीत. त्यांनी तिला नुसत्या नावानं हाक मारली.

ॲक्टियमच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर क्लिओपात्रानं आर्तावझ्दला मारलं. मीडियाच्या राजाशी त्याचं जुनं वैर होतं आणि तिला आता त्या राजाची मदत हवी होती. म्हणून नजराणा म्हणून तिनं शोकांतिका लिहिणाऱ्या त्या राजाचं मुंडकं मीडियाला पाठवून दिलं.